नीतिशास्त्राचे पहिले तास कसे घ्यावेत

नीतिशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम प्रथमच शिकवायला घेणारे प्राध्यापक बहुधा पहिल्या तासाला विषयाची व्याख्या सांगतात आणि दुसऱ्या तासाला उपयुक्ततावादाकडे, म्हणजे ज्या कृतीने एकूण सर्वाधिक सुख साधते तीच योग्य या सिद्धान्ताकडे, वळतात. हा क्रम टाळावा, कारण सिद्धान्त हे कोणत्या तरी प्रश्नाचे उत्तर असते आणि तो प्रश्नच मनात उभा राहिला नसेल, तर विद्यार्थी उत्तर केवळ पाठ करतात.

सुरुवात एका प्रसंगाने करावी. तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७२ साली मांडलेला दृष्टान्त यासाठी उत्तम आहे: उथळ तळ्यात मूल बुडत आहे आणि त्याला वाचवताना तुमचे कपडे चिखलाने खराब होणार आहेत. मुलाला वाचवलेच पाहिजे, असे बहुतेक सर्वजण म्हणतात. मग विचारावे की, दूरच्या देशात उपासमारीने मरणाऱ्या मुलासाठी तेवढीच झीज सोसणे हेही आपले कर्तव्य का नाही? अंतर, अनोळखीपणा, मदतीला इतर लोक असणे, अशी जी कारणे पुढे येतील ती फळ्यावर लिहून एकेक तपासावीत. तळ्याकाठी आणखी दहा जण नुसते उभे असतील, तर आपली जबाबदारी कमी होते का, एवढ्या एका प्रश्नावर अर्धा तास सहज जातो आणि तो सत्कारणी लागतो.

पहिल्या आठवड्यातच कोणीतरी म्हणेल, "हे ज्याच्या त्याच्या मतावर आहे." हे विधान झिडकारू नये, कारण त्यामागे अनेकदा दुसऱ्याच्या मताविषयीचा खरा आदर असतो. त्यातील दोन दावे मात्र वेगळे करून दाखवावेत. समाजासमाजांत नैतिक मते भिन्न असतात, हे निरीक्षण आहे. म्हणून कोणतेही मत अधिक योग्य नसते, हा निष्कर्ष त्यातून आपोआप निघत नाही. समाज मानतो तेच योग्य असेल, तर गुलामगिरी सर्वमान्य असताना तिला विरोध करणारे चुकीचे ठरतील. हे मान्य आहे का, असे वर्गाला विचारावे. येथे सापेक्षतावादाचे, म्हणजे योग्य-अयोग्य समाजागणिक ठरते या मताचे, कायमचे खंडन झाले, असे मात्र सांगू नये, कारण त्याच्या अधिक काटेकोर मांडण्याही आहेत.

मी सुरुवातीला स्वतःचे मत लगेच सांगत असे आणि चर्चा तिथेच थांबत असे. आता मी पहिल्याच तासाला स्पष्ट करतो की, गुण निष्कर्षाला नव्हे, तर युक्तिवादाला मिळतील. दर आठवड्याला एक पान लिहून घेतो: एक दावा, त्याची कारणे आणि त्यावरील सर्वांत बळकट आक्षेप. आक्षेप दुबळा असेल, तर पान परत देतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सिद्धान्त घ्यावेत. उपयुक्ततावादी तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलपासून आरंभ करणे सोयीचे पडते, कारण परिणामांचा विचार तळ्याच्या प्रसंगात झालेलाच असतो. त्यानंतर एका निरोगी माणसाला मारून त्याच्या अवयवांनी पाच रुग्ण वाचवावेत का, असे विचारले की नुसत्या बेरजेने भागत नाही हे विद्यार्थ्यांना जाणवते आणि माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे जर्मन तत्त्वज्ञ कांटचे १७८५ मधील सूत्र त्यांना आवश्यक वाटू लागते. सद्गुणांवर भर देणारा ॲरिस्टॉटल त्यानंतर घ्यावा.

गर्भपात, इच्छामरण यांसारखे विषय पहिल्या महिन्यात घेऊ नयेत. वर्गातील एखाद्याने ते घरात अनुभवलेले असू शकते, म्हणून असा तास आठवडाभर आधी जाहीर करावा आणि बोलण्याऐवजी लिहून देण्याची मुभा ठेवावी.