एनिमी आणि कंपॅनियनचा एआय डेमो: इंटरव्ह्यूला निघण्याआधी काय काय तयार पाहिजे

नाशिकमधून गेम प्रोग्रॅमिंगकडे जायचंय म्हणणारी पोरं हल्ली बरीच भेटतात, आणि युबिसॉफ्टचा स्टुडिओ पुण्यात २००८ पासून आहे, नंतर मुंबईतही आला, त्यामुळे मोठ्या गेमवर काम करायला परदेशातच जावं लागतं असं काही राहिलेलं नाही. पण एआय प्रोग्रॅमर, म्हणजे गेममधली पात्रं आपणहून कशी वागतील त्याचा कोड लिहिणारा, म्हणून जायचं तर नुसत्या रेझ्युमेवर भागत नाही, चालता डेमो लागतो. आणि डेमो सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या की एनिमी आपण जिंकायला लिहीत नाही. प्लेयर कुठं लपलाय ते कोडला माहीतच असतं, गोळी लागू द्यायची का नाही ते पण आपल्याच हातात असतं, खरं अवघड काम म्हणजे समोरचा काय करतोय आणि का करतोय ते खेळणाऱ्याला दोन सेकंदात कळलं पाहिजे.

पायाची तयारी पटकन सांगतो. सी प्लस प्लस पाहिजेच. व्हेक्टरचं गणित बारावीचंच आहे पण हातात बसलेलं पाहिजे, कारण एनिमीला प्लेयर दिसतो का हा प्रश्न म्हणजे डॉट प्रॉडक्ट काढून कोन बघायचा आणि मध्ये भिंत आहे का ते रेकास्टने, म्हणजे एक सरळ रेषा सोडून, तपासायचं, बाकी काही नाही. ए स्टार हा सगळ्यात स्वस्त मार्ग शोधणारा १९६८ चा अल्गोरिदम आहे, एकदा स्वतः लिहा, मग इंजिनचा वापरा. बिहेवियर ट्री (पात्राने आत्ता काय करायचं ते ठरवणारं फांद्यांचं झाड) आणि ब्लॅकबोर्ड (त्याला लागणारी माहिती ठेवायची जागा) अनरियल इंजिनमध्ये तयार मिळतात, ट्रीची पद्धत २००४ च्या हेलो टू नंतर सगळीकडे पसरली, तेव्हा ट्री का आणि साधं स्टेट मशीन, म्हणजे ठरलेल्या अवस्था आणि त्यांच्यातली अदलाबदल, कुठं पुरतं याचं उत्तर तुमच्याकडे पाहिजे.

मग लेव्हल, म्हणजे खेळायची जागा. मोकळं मैदान घेऊ नका, तिथं कुठलाही एआय बरा दिसतो. जुन्या नाशकातला एखादा वाडा डोळ्यासमोर आणा, अरुंद बोळ, बुटकं दार, मधला चौक, माडीवर जाणारा जिना, आणि तेवढंच साध्या ठोकळ्यांनी बांधा, टेक्स्चरवर वेळ घालवू नका. इथं लगेच खरे प्रश्न निघतात. युनिटी इंजिनमध्ये एजंटचा, म्हणजे चालणाऱ्या पात्राचा, डिफॉल्ट रेडियस अर्धा मीटर असतो, म्हणजे नेव्हमेश (एआयला चालता येईल अशा जमिनीचा नकाशा) दाराच्या दोन्ही बाजूंनी तेवढा आत सरकतो आणि मीटरभराहून अरुंद दार एआयच्या लेखी बंदच होतं, डोळ्यांना मात्र उघडं दिसतं, आणि पोरं तासनतास बिहेवियर ट्रीत चूक शोधत बसतात. म्हणून नेव्हमेश स्क्रीनवर रंगवून बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

एनिमी तीन-चारच ठेवा पण त्यांना बोलतं करा. २००५ च्या फिअर गेमचे सैनिक अजून लोकांच्या लक्षात आहेत. त्याचा एआय प्रोग्रॅमर जेफ ऑर्किनने त्यात प्लॅनर वापरला होता, म्हणजे ध्येय द्यायचं आणि कृतींचा क्रम एआयने स्वतः जुळवायचा, तोही ए स्टारनेच. पण ते सैनिक हुशार वाटतात त्यात त्यांच्या आरडाओरडीचा मोठा वाटा आहे. एक जण नुसता कव्हर, म्हणजे लपायचा आडोसा, बदलायला बाजूने पळतो, दुसरा ओरडून काहीतरी सांगतो, आणि खेळणाऱ्याला वाटतं आपल्याला घेरतायत. तेव्हा आठ-दहा वाक्यं मराठीत रेकॉर्ड करा, मित्राच्या आवाजात चालेल, "माडीवर गेला रे", "मी मागून येतो", आणि प्रत्येक वाक्य खऱ्या निर्णयाला जोडा, उगाच रँडम वाजवू नका. सोबत टोकन सिस्टिम घाला, एका वेळी दोघांनाच हल्ल्याची परवानगी, बाकीच्यांनी जागा धरायची, नाहीतर सगळे एकदम अंगावर येतात आणि आपण कशामुळे हरलो ते पण कळत नाही.

आता कंपॅनियन, म्हणजे प्लेयरच्या सोबत चालणारा साथीदार, आणि माझ्या मते तुमचा अर्धा वेळ इथं गेला पाहिजे. एनिमी अर्ध्या मिनिटात मरतो, त्याच्या चुका त्याच्याबरोबर जातात, कंपॅनियन मात्र अख्खा गेम शेजारी असतो आणि एकदा दारात आडवा उभा राहिला की माणूस त्याला कायमचा नावं ठेवतो. २०१३ च्या द लास्ट ऑफ अस मध्ये प्लेयर लपलेला असताना त्याची साथीदार एली शत्रूसमोरून गेली तरी तिला कोणी पकडत नाही, हे मुद्दाम ठेवलंय, कारण दुसऱ्याच्या चुकीमुळे आपण पकडलो गेलो की राग येतो. त्याच वर्षीच्या बायोशॉक इन्फिनिटमधली एलिझाबेथ तर शत्रूंच्या निशाण्यावरच नसते, उलट प्लेयरच्या गोळ्या संपत आल्या की तीच त्याच्याकडे नव्या गोळ्या फेकते. तुमच्या डेमोत एवढं नक्की पाहिजे: प्लेयरच्या भोवती उभं राहायच्या जागा काढून त्यांना गुण द्या, दारातली जागा आणि बंदुकीच्या रेषेतली जागा बाद करा, प्लेयर अंगावर चालून आला तर बाजूला सरकू द्या, आणि मागे राहिला तर कॅमेऱ्याबाहेर असतानाच जवळ आणा. वाड्याच्या जिन्यावर प्लेयर मध्येच उलटा फिरला तर काय होतं, ही एकच टेस्ट नीट पार पडली तरी बघणाऱ्याला तुमचं काम कळतं.

स्पीडचा हिशोब ठेवा. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे ६० चित्रं धरली तर एका फ्रेमचे १६.६ मिलिसेकंद मिळतात आणि त्यातले बरेचसे ग्राफिक्स खातं, म्हणून सगळ्यांची नजर दर फ्रेमला तपासू नका, पाळी लावून द्या. सेटिंगच्या फाइलमधल्या नावांवर पण लक्ष ठेवा, एलियन्स: कलोनियल मरीन्सच्या फाइलमध्ये एका शब्दात एक अक्षर जास्त पडलं होतं, त्यामुळे एलियनना जागा धरायला लावणारी सेटिंग लागूच होत नव्हती, आणि २०१३ च्या गेममधली ही चूक २०१८ मध्ये सगळ्यांसमोर आली. चुकीचं नाव दिसलं की गेमने एरर ओरडून सांगितली पाहिजे, एवढा कोड लिहाच.

शेवटचे आठ दिवस नवीन काही घालू नका. घरातल्या, शेजारच्या पोरांना खेळायला बसवा आणि तोंड बंद ठेवून फक्त बघा. दोन मिनिटांचा व्हिडिओ करा, त्यात डीबगच्या रेषा, म्हणजे एआय काय बघतोय आणि ठरवतोय ते दाखवणाऱ्या खुणा, चालू ठेवून तोच प्रसंग परत दाखवा. बिल्ड, म्हणजे डेमोची तयार चालणारी फाइल, दुसऱ्या साध्या लॅपटॉपवर चालवून बघा, पेनड्राइव्हवर एक कॉपी आणि मोबाइलवर व्हिडिओ ठेवा, चार्जर बॅगेत आदल्या रात्रीच, कारण मुंबईची पंचवटी एक्सप्रेस सकाळी लवकर असते. आणि गाडीत स्वतःचाच ट्री परत वरून खाली वाचा, ही नोड इथंच का, असा प्रश्न प्रत्येक फांदीला येऊ शकतो.