मजकुराच्या खेळात गाणं घालताय? या चुका टाळा

ट्वाइन (मजकुराचे खेळ बनवायचं साधन) उतरवून घेतलं, दोन-चार पॅसेज, म्हणजे कथेचे तुकडे, एकमेकांना जोडले, की लगेच मंडळींना कथेत गाणं हवं असतं. त्याबद्दल तक्रार नाही. संगीत नाटकावर पोसलेल्या भाषेत पात्रानं मध्येच पद म्हटलं तर बिघडलं कुठे? पण रंगभूमीवर पदाच्या मागे पेटी असते, तबला असतो, गाणाऱ्याचा गळा असतो. इंटरॅक्टिव्ह फिक्शनमध्ये, म्हणजे वाचणारा निवड करत पुढे नेतो अशा कथेत, नुसती अक्षरं. ठेकाही त्यांनीच धरायचा आणि भावही त्यांनीच पोचवायचा. हे लक्षात न घेता लिहिलेली गाणी माझ्याकडे चाचणीला येतात, आणि चुका बहुतेक वेळा त्याच त्या.

खेळाडूचं नाव गाण्यात कोंबणं

ही माझी खास नावडती. एका नवोदितानं तमाशाच्या फडावरचा खेळ पाठवला होता. सुरुवातीला खेळाडूचं नाव विचारायचं आणि मग ते ध्रुवपदात आणायचं. ध्रुवपद असं:

दार उघड सुलभा, फड निघाला रातीला
पाय घुंगरांचे माझे, नको बांधूस मातीला

आठ-आठ अक्षरं, ठेका चोख, यमक जागच्या जागी. लिहिणाऱ्यानं स्वतः तपासताना दर वेळी ‘सुलभा’च टाकलं होतं, म्हणून त्याला सगळं छान वाटलं. मी ‘रमा’ टाकलं, ओळ एका अक्षरानं लंगडली. ‘प्रियदर्शिनी’ टाकलं, ओळ दोन अक्षरांनी लांबली. दुसऱ्या एका चाचणीवाल्यानं नाव दिलं ‘पुण्याचा वाघ’. खेळाडू अशी नावं देणारच, हे धरून चाला. ‘दार उघड पुण्याचा वाघ’ वाचल्यावर फडाच्या विरहाची कुणाला पर्वा?

मग त्यानं शॉर्टकट काढला. नावाची लांबी प्रोग्रामनं मोजायची आणि त्यानुसार वेगवेगळ्या ओळी दाखवायच्या. पण जावास्क्रिप्टला (ट्वाइनचे खेळ जिच्यावर चालतात ती प्रोग्रामिंगची भाषा) ‘लांबी’ विचारली तर ती ‘सुलभा’ची 5 सांगते आणि ‘प्रियदर्शिनी’ची 12, कारण काना, वेलांटी, हलन्त हे सगळं ती सुटं मोजते. छंदात मात्र त्यांची अक्षरं अनुक्रमे 3 आणि 5. गडी दोन आठवडे कोडशी झटला. तेवढ्या वेळात आख्खी लावणी नव्यानं लिहून झाली असती. शिवाय संबोधनाचं काय? हाक मारताना ‘रमे’ होतं, ‘वाघा’ होतं. ते कोण करणार?

माझी सवय सोपी आहे. नाव गाण्याआधीच्या गद्यात एकदा घेऊन टाकायचं आणि गाण्यात फक्त ‘सखये’ किंवा ‘सख्या रे’. दोन्ही तीन अक्षरी, दोन्ही त्याच जागी बसतात.

‘आलो’ की ‘आले’

याच खेळात पुढचा अंतरा होता: ‘वाट चुकून मी आले, दिवे सारे विझलेले’. खेळाडूनं नायक निवडला की ‘आले’चं ‘आलो’ होई आणि यमक खलास. इंग्रजी खेळांचे धडे बघून शिकलेल्यांना हा अडथळा दिसतच नाही, कारण तिथे ‘मी’ म्हटलं की काम भागतं. आपल्याकडे क्रियापद कर्त्याचं लिंग सांगून मोकळं होतं.

पण यावरचा उपायही मराठीच देते. सकर्मक क्रियापद भूतकाळात घेतलं, की ते सहसा कर्माच्या मागे जातं. ‘वाट मीच हरवली, ज्योत दिव्याची विझली’. ‘हरवली’ वाटेसाठी, ‘विझली’ ज्योतीसाठी. गाणारा बाई असो वा बाप्या, ओळ तीच राहते. भविष्यकाळ (‘मी येईन’), आज्ञार्थ (‘ये’, ‘थांब’) आणि ‘मला जायचंय’ ही रचनाही अशीच निर्धोक. एवढं जमलं की एकच गाणं सगळ्यांना पुरतं. तरीही दोन वेगळी गाणी लिहायची असतील तर जरूर लिहा, फक्त दोन्ही तितक्याच मनापासून. सहसा नायकाचं गाणं रंगतं आणि नायिकेचं त्यावरून ओढूनताणून बेतलेलं असतं. वाचताना ते लगेच कळतं.

एकेक अक्षर टपकवणं

गाणं ‘जिवंत’ वाटावं म्हणून टंकलेखनयंत्रासारखा एफेक्ट लावण्याची हौस दांडगी. नेटवर मिळणाऱ्या बहुतेक तयार स्क्रिप्ट रोमन लिपी डोळ्यापुढे ठेवून लिहिलेल्या असतात. देवनागरीत त्यांची फजिती बघा. ‘निघाला’ लिहिताना आधी ‘न’ उमटतो, मग वेलांटी डावीकडून घुसते आणि ‘न’ला उजवीकडे ढकलते. ‘ज्योत’ आधी ‘ज’, मग ‘ज्’, मग ‘ज्य’, मग ‘ज्यो’. ओळभर हलन्त लुकलुकत राहतात. प्रत्येक तुकडा वेगळ्या चौकटीत टाकणाऱ्या एफेक्टमध्ये तर मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसते.

हट्टच असेल तर ब्राउझरमधलं ‘इंटल सेगमेंटर’ वापरून अक्षरं नीट तोडता येतात. युनिकोड या संगणकीय अक्षरांच्या प्रमाणाच्या 15.1 या 2023 सालच्या आवृत्तीत जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम आला, पण जुन्या फोनवर ‘ज्’ आणि ‘यो’ अजून सुटे पडू शकतात. आणि एवढं करून मिळतं काय? वाचणाऱ्याचा वेग तुमच्या टायमरच्या हाती जातो. स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) ऐकणाऱ्याला कधी अर्धवट ओळ ऐकू येते, कधी काहीच नाही. मी एक ओळ दाखवतो, खेळाडू टिचकी मारतो, पुढची ओळ येते. थांबायचं कुठे ते त्याचं तो ठरवतो. जो एफेक्ट आधी शोधतो आणि अक्षरं नंतर मोजतो, त्याचं गाणं मला पहिल्या ओळीतच कळतं.

पण शुगरक्यूबमध्ये (ट्वाइनचा खेळ चालवणारा एक साचा) एक खबरदारी घ्या. एकाच पॅसेजमध्ये टिचक्यांनी ओळी उघडत गेलात आणि खेळाडूनं मध्येच सेव्ह केलं, तर परत आल्यावर गाणं पहिल्यापासून सुरू होतं. अंतऱ्यात निवड असेल तर तीही जाते. म्हणून निवड असलेला अंतरा वेगळ्या पॅसेजात ठेवा.

बाकी किरकोळ, पण रोजचं

पदाच्या डोक्यावर ‘चाल: अमुक’ लिहून सुटू नका. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत ते चालायचं, कारण वाचणाऱ्याच्या कानात ती चाल आधीच असायची.

गाणं वेगळं दिसावं म्हणून तिरपा ठसा देऊ नका. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टांना खरा इटॅलिक नसतो, ब्राउझर सरळ अक्षरंच वाकडी करतो. समासात आत सरकवा, पुरतं. लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलंत तर शिरोरेषा तुटते.

चार कडवी सलग, मध्ये एकही निवड नाही? खेळाडू खाली सरकवून मोकळा होतो.

ध्वनिफीत लावायचीच असेल तर ती आपोआप वाजेल असं धरू नका. 2018 पासून क्रोम खेळाडूनं काही दाबल्याशिवाय आवाज सुरू करू देत नाही. आणि अण्णासाहेब किर्लोस्कर 1885 मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या पदांच्या शब्दांवर आता स्वामित्वहक्क नाही, हे खरं. पण ती पदं कुणीतरी गायलेलं ध्वनिमुद्रण ही वेगळी मालमत्ता, आणि तिचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं चालतो. ‘जुनं गाणं आहे, कोण विचारतंय’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, चाचणी नाकारतो.

शेवटचं, पुनरावृत्तीचं. खेळाडू मागे फिरतो, त्याच खोलीत परत येतो आणि आख्खं गाणं पुन्हा त्याच्या पुढ्यात. पॅसेज आधी वाचलाय का, हे हार्लो या ट्वाइनच्या दुसऱ्या साच्यात ‘व्हिजिट्स’नं कळतं, शुगरक्यूबमध्ये ‘व्हिजिटेड’नं, आणि इंक या असेच खेळ लिहायच्या भाषेत कुठला भाग किती वेळा वाचला याची मोजणी आपोआप होते. दुसऱ्या फेरीला फक्त ध्रुवपद दाखवा आणि खाली ‘वन्स मोअर’ असा दुवा ठेवा. ज्याला हवं तो दाबेल.