गाडीची सर्व्हिस घरी करताय? या चुका टाळा

फ्री सर्व्हिस संपून पहिलं 'पेड' बिल हातात पडलं, की बेळगावात एक वाक्य ठरलेलं: "एवढ्यात घरी दोनदा ऑईल बदलून झालं असतं की!" हिशेब खोटा नाही. तसं बघायला गेलं तर फ्री सर्व्हिसही फुकट नसते. मजुरी तेवढी माफ, ऑईल-फिल्टरचे पैसे द्यावेच लागतात. पुढे मजुरी सुरू होते, तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन अशा ओळी जॉबकार्डवर हळूच चढतात. यातल्या बऱ्याच गोष्टी गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकाच्या वेळापत्रकात नसतातच.

तेव्हा घरी काम करायला माझी ना नाही. फक्त कुठलं काम अंगणात करायचं हे पैशावरून ठरवू नका. चूक झाली तर ती कुठे कळणार, यावरून ठरवा. चेंबर नट, म्हणजे जुनं ऑईल सोडायचा इंजिनखालचा नट, गळत असला तर सकाळी फरशीवर डाग दिसतो. ब्रेकमधली चूक गोव्याकडे जाणाऱ्या चोर्ला घाटाच्या उतारावर कळते.

शेडातलं ऑईल गाडीत ओतणं

चिकोडी-निपाणीकडच्या उसाच्या पट्ट्यात घरोघरी ट्रॅक्टर, आणि शेडात १५डब्ल्यू-४० या जाड ऑईलचा डबा. "ऑईल ते ऑईलच" म्हणून तेच कारमध्ये जातं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत बहुतेक ठिकाणी धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ असतो. त्याला कमी राख सोडणारं ऑईल लागतं, पुस्तकात ते एसीईए सी२ किंवा सी३ असं लिहिलेलं सापडेल. काजळी डीपीएफमध्ये जळून जाते, राख जळत नाही. ती साचते, आणि मग जो खर्च येतो त्यात आयुष्यभराची मजुरी निघाली असती. पेट्रोलवाल्यांनीही ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑईल मागणाऱ्या इंजिनात जाड ऑईल भरू नये. सकाळी थंड इंजिनात ते वरपर्यंत पोचायला वेळ घेतं आणि मायलेजही खातं. दुकानदार "हे पण चालतंय की" म्हणाला तरी डब्यामागचा ग्रेड पुस्तकाशी जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका.

चेंबर नट: जोर नको, आटे सांभाळा

घरच्या सर्व्हिसमधलं सगळ्यात जास्त नुकसान याच एका नटावर होतं. आता बऱ्याच गाड्यांचे ऑईल चेंबर ॲल्युमिनियमचे असतात आणि नट लोखंडाचा. लांब पाना लावून, वर पाय देऊन आवळला की आटे जातात. नटाचे नव्हे, चेंबरचे. नट आधी नुसत्या बोटांनी फिरवून बसवा. दोन-तीन फेरे अलगद गेले तर तो सरळ बसलाय. सुरुवातीलाच अडकला तर पाना लावू नका, काढून, पुसून पुन्हा बसवा. खालचा वॉशर दर वेळी नवा घ्या. तो चेपूनच गळती थांबवतो, एकदा चेपलेला दुसऱ्यांदा नीट चेपत नाही. किती जोराने आवळायचं ते पुस्तकात न्यूटन-मीटरमध्ये लिहिलेलं असतं. तेवढाच जोर मोजून देणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, नसेल तर उद्यमबागेतल्या कारखान्यात काम करणारा एखादा तरी ओळखीचा निघतोच, त्याच्याकडून एक दिवस मागून आणा.

आणि हो, नट सोडण्याआधी तो इंजिनचाच आहे ना, हे बघा. काही गाड्यांत गिअरबॉक्सचा नट शेजारीच असतो. गिअरबॉक्स रिकामा करून इंजिनात दुप्पट ऑईल ओतणारे लोक गॅरेजवाल्यांना नवीन नाहीत.

फिल्टरचं उलट आहे. तो पान्याने आवळायचाच नाही. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने नवं ऑईल लावा, रिंग टेकेपर्यंत फिरवा, आणि तिथून हातानेच साधारण पाऊण फेरा. किती, ते फिल्टरवर किंवा खोक्यावर छापलेलं असतं. त्याआधी मोबाईलचा टॉर्च लावून इंजिनच्या तोंडावर जुनी रिंग चिकटून राहिलेली नाही ना ते पाहा. तिच्यावर नवी बसली तर इंजिन सुरू होताच दाबाने सगळं ऑईल रस्त्यावर.

डबा आणलाय म्हणून सगळाच ओतणं

पुस्तकात तीन लिटर आणि डबा साडेतीनचा, असं नेहमी होतं. उरलेलं कुठं ठेवायचं म्हणून तेही आत. ऑईल जास्त झालं की फिरता क्रँक ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाने इंजिनला वंगण मिळत नाही. थोडं कमी ओता, दोन मिनिटं इंजिन चालवा, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक, म्हणजे ऑईल मोजायची पट्टी, बघा. गाडी सपाटीवर हवी. आपली बरीच अंगणं पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून उताराची असतात, तिथलं माप खोटं.

नंतर काय दिसलं तर काय समजायचं? सुरू केल्यावर ऑईलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला नाही तर इंजिन लगेच बंद, फिल्टर आणि पातळी तपासा. जळका वास येतोय पण गळत कुठंच नाही, तर फिल्टर काढताना सायलेन्सरच्या पाईपवर ऑईल सांडलंय. थोड्या वेळात वास जातो. गेला नाही तर गळती शोधा. दुसऱ्या दिवशी खाली पुठ्ठा ठेवला की डाग नटाखाली आहे की फिल्टरखाली, हेही कळतं.

फिल्टरवर कॉम्प्रेसरची हवा

खानापूरकडची तांबडी धूळ आणि गळीत हंगामात उसाच्या गाड्यांमागून उडणारी धूळ, दोन्ही एअर फिल्टरला मारक. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने पूर्ण दाबाची हवा मारली की कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि तीच धूळ इंजिनात जाते. फिल्टर धुवूही नका. झटका आणि वेळेआधी बदला, महाग नसतो. एसीचा फिल्टर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या खणामागे असतो. त्याच्यावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवायचा, एवढंच काम. सुगीनंतर शेतातले उंदीर गाडीत शिरतात, तेव्हा आत भाताचं तूस सापडलं तर वायरीही बघून घ्या.

बॅटरीचा मायनस आधी काढायचा, जोडताना शेवटी. कूलंटमध्ये बोअरचं पाणी नको, त्यातल्या क्षारांची पुटं आत चढतात. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, हे सांगायलाच नको, तरी दरवर्षी कुणी ना कुणी भाजून घेतोच.

जॅकवर विश्वास

गाडीसोबतचा जॅक चाक बदलण्यापुरता. त्याच्या भरवशावर गाडीखाली झोपायचं नाही, मग पोरगा बाजूला धरून उभा असला तरी. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात माती इतकी मऊ होते की जॅक बघता बघता रुततो. खाली जाड फळी, चाकांना दगड, आणि गाडी लोखंडी जॅक-स्टँडवर. ते स्टँड नसतील तर त्या दिवशी ऑईल बदलायचं नाही.

ब्रेक

इथं मी सरळ मेस्त्रीकडे जा म्हणतो. पॅड बदलणं व्हिडिओत सोपं दिसतं. पण पॅड बदलल्यावर पेडल चार-सहा वेळा दाबून घट्ट केलं नाही, तर पहिला ब्रेक थेट जमिनीला टेकतो. ब्रेक ऑईलच्या टाकीत चुकून इंजिन ऑईल गेलं तर आतले सगळे रबर फुगतात. जुनं ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं. चोर्ला घाटातून गोव्यातल्या साखळी गावाकडे उतरताना पाय सतत ब्रेकवर राहिला की ते पाणी उकळतं आणि पेडल मऊ लागतं. म्हणून बऱ्याच कंपन्या ते साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात, आणि शहाणी माणसं घाट सेकंड गिअरमध्ये उतरतात.

बिलं फेकून देणं

वॉरंटी असेपर्यंत अटी नीट वाचा, वाढीव वॉरंटीच्या तर दोनदा. बाहेरच्या गॅरेजला सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटींचा दंड लावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. त्या आदेशाच्या भरवशावर काउंटरवर भांडून तुमचं काम लगेच होईल असं नाही. त्यापेक्षा ऑईल-फिल्टरची पक्की बिलं आणि त्या दिवशीच्या किलोमीटरचा फोटो एका पाकिटात ठेवा. गाडी विकतानाही हे उपयोगी पडतं. बेळगावची केए-२२ असो की कोल्हापूरची एमएच-०९, घेणारा आधी सर्व्हिसचा इतिहासच मागतो.

जळकं ऑईल गटारात किंवा बांधावर ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. डब्यात भरून जिथून ते गोळा केलं जातं अशा गॅरेजला द्या.

आणि ब्रेक, एसी गॅस किंवा टायमिंग बेल्टसाठी गाडी शोरूमला सोडाल तेव्हा जॉबकार्ड वाचूनच सही करा. त्यावर एक ओळ लिहून घ्या: फोन करून विचारल्याशिवाय जादा काम करू नये. काढलेले भाग डिकीत ठेवायलाही तिथंच सांगा.