पावसापूर्वी कोल्ड एअर इनटेकची तयारी

कोल्ड एअर इनटेक बसवलेल्या गाडीत एअर फिल्टर बोनेटखालच्या गरम जागेतून बाहेर काढून बंपरच्या मागे, फॉग लॅम्पच्या आसपास किंवा पुढच्या चाकाच्या फेंडरमध्ये खाली नेलेला असतो. तिथे हवा थंड मिळते आणि तापमान १० अंश सेल्सिअसने उतरले की हवेची घनता साधारण ३ टक्क्यांनी वाढते, एवढाच त्यामागचा हिशेब आहे. मूळ एअर बॉक्सचे तोंड मात्र बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या वरच्या पट्टीजवळ, बोनेटच्या काठाशी ठेवलेले असते. म्हणजे थंड हवेच्या बदल्यात आपण उंची दिलेली आहे, आणि पाऊस सुरू होण्याआधीची सगळी तयारी या दिलेल्या उंचीभोवतीच फिरते.

म्हणून पहिले काम मोजमापाचे. गाडी सपाट जमिनीवर उभी करावी, टायरमध्ये नेहमीची हवा असावी, आणि शक्यतो नेहमीइतकी माणसे व सामान आत असताना जमिनीपासून फिल्टरच्या सर्वांत खालच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. पाइपची किंवा फिल्टरच्या मध्याची उंची येथे उपयोगाची नाही, कारण पाणी खालच्या कडेला टेकले की आत ओढले जाण्याची सुरुवात होते. मिळालेला आकडा गाडीच्या बाहेरून दिसणाऱ्या एखाद्या खुणेशी जोडून ठेवावा: चाकाच्या मध्यापासून किती खाली, बंपरच्या कोणत्या रेषेला समांतर, आणि आपण पाण्यात उभे राहिलो तर पायावर कुठपर्यंत. चाकाचा मध्य बहुतेक गाड्यांत जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटरवर असतो, आणि खाली उतरवलेला फिल्टर अनेकदा त्याच्याही खाली असतो, हे मोजल्याशिवाय पटत नाही. गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाण्यातून जाण्याची जी कमाल खोली दिलेली असते ती मूळ इनटेक गृहीत धरून दिलेली असते. इनटेक बदलल्यावर तो आकडा आपल्या गाडीला लागू राहत नाही.

हे मोजमाप इतके महत्त्वाचे का, यासाठी इंजिनच्या आतले गणित एकदा समजून घ्यावे. २ लिटरच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनमध्ये एका सिलिंडरचे आकारमान ५०० मिलिलिटर असते. दाबाचे प्रमाण, म्हणजे सिलिंडरमधली हवा किती पट लहान जागेत दाबली जाते ते, १० ला १ धरले, तर पिस्टन सर्वांत वर असताना त्याच्या डोक्यावर सुमारे ५५ मिलिलिटर जागा उरते, म्हणजे चार मोठे चमचेसुद्धा नाहीत. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. त्या जागेहून अधिक पाणी सिलिंडरमध्ये अडकले की पिस्टन वर येता येता जागीच थांबतो, बाकीचे इंजिन मात्र आपल्या वेगाने त्याला ढकलत राहते, आणि या ओढाताणीत कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला खालच्या फिरत्या दांड्याशी जोडणारा रॉड, वाकतो. हायड्रोलॉक म्हणतात तो हाच. डिझेल इंजिनमध्ये दाबाचे प्रमाण १६ ला १ च्या आसपास असले, तर तेवढ्याच सिलिंडरला ३३ मिलिलिटर पाणी पुरते. शिवाय ३,००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३,००० फेऱ्यांना, प्रत्येक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा श्वास घेतो, त्यामुळे पाणी दिसल्यावर पाय मागे घेऊ, हा भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. जे करायचे ते आधीच करून ठेवावे लागते.

येथे एक गैरसमज दूर करणे मला आवश्यक वाटते, कारण त्यापायी लोक भलत्याच गोष्टीला घाबरतात आणि खऱ्या धोक्याकडे दुर्लक्ष करतात. पावसाची धार, हवेतला दमटपणा किंवा फिल्टरवर उडालेले चार थेंब यांनी इंजिन बंद पडत नाही. दुसऱ्या महायुद्धातील काही लढाऊ विमानांच्या इंजिनांत अधिक शक्ती मिळावी म्हणून पाणी मुद्दाम फवारले जात असे. धोका आहे तो फिल्टर बुडण्याचा. फिल्टर अर्धा बुडला तरी उरलेल्या भागातून हवा येत राहते, पण पूर्ण बुडला की इंजिनची सगळी ओढ पाण्यावर येते. १ किलोपास्कल ओढ पाण्याला सुमारे १० सेंटिमीटर वर चढवते आणि धावत्या इंजिनची ओढ याच्या कितीतरी पट होऊ शकते, त्यामुळे पाइप वर चढत गेला आहे म्हणून पाणी वर येणार नाही, ही समजूत खोटी आहे.

त्यानंतर गाडीच्या खाली वाकून पाहावे. चाकाच्या आतले प्लॅस्टिकचे अस्तर, म्हणजे फेंडर लायनर, आणि बंपरखालचे आच्छादन हे फिल्टरचे पहिले संरक्षण असते, आणि इनटेक बसवताना नेमके हेच काढलेले, कापलेले किंवा दोन क्लिपांवर लोंबकळत सोडलेले आढळते. चाकाने उडवलेले पाणी पावसाच्या धारेसारखे नसते, ते जोराने आणि सतत एकाच जागी आदळते. तुटलेल्या क्लिपा बदलाव्यात, फाटलेले लायनर नवे घालावे, आणि पाइपसाठी कापलेली जागा मोठी असेल तर तिच्याभोवती रबरी पट्टी लावावी. फिल्टर चाकाच्या थेट समोर येत असेल तर मध्ये प्लॅस्टिकचा पत्रा आडवा बसवता येतो, मात्र फिल्टरच्या चारी बाजूंनी हवेला वाट राहिली पाहिजे.

फिल्टरवर घालायचे पाणी झटकणारे कापडी कव्हर हा स्वस्त आणि उपयोगी उपाय आहे, पण त्याच्याकडून अपेक्षा मर्यादित ठेवावी. ते शिंतोडे अडवते, बुडालेल्या फिल्टरला वाचवत नाही. जुने कव्हर पुन्हा घालण्यापूर्वी त्यावर पाण्याचे काही थेंब टाकून पाहावेत. थेंब मोत्यासारखे घरंगळले तर ठीक, कापडात मुरले तर कव्हर बदलावे. घाईच्या वेळी फिल्टरला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळण्याचा मोह टाळावा, कारण तिने हवाच अडते आणि ती फाटली तर तिचे तुकडे फिल्टरला चिकटून बसतात. तेल लावण्याचा कापडी फिल्टर असेल तर पावसाच्या आधी तो धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, बेताचेच तेल लावून बसवावा. जास्त लावलेले तेल पुढे सरकून हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसते आणि इंजिनला हवेचा अंदाज चुकीचा मिळू लागतो.

फिल्टरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंतचा, म्हणजे इंजिनमध्ये जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेपर्यंतचा, प्रत्येक जोड हाताने हलवून पाहावा. रबरी किंवा सिलिकॉनच्या जोडनळ्यांना चीर पडली आहे का, क्लॅम्प सैल झाले आहेत का, क्रॅंककेसच्या (इंजिनच्या खालच्या पेटीच्या) श्वासनळीचा जोड घट्ट आहे का, हे पाहावे. खालच्या बाजूची बारीक चीर एरवी जाणवत नाही, पण पाणी आत घ्यायला तेवढी पुरते. याच संदर्भात एक चुकीची युक्ती सर्रास केली जाते. साचलेले पाणी गळून जावे म्हणून काहीजण पाइपच्या सर्वांत खालच्या भागाला भोक पाडतात. मूळ एअर बॉक्सच्या तळाशी निचऱ्याचे भोक असते हे खरे, पण ते फिल्टरच्या आधी, न गाळलेल्या हवेच्या बाजूला असते. फिल्टरनंतरच्या पाइपला पाडलेल्या भोकातून धूळ थेट इंजिनमध्ये जाते, आणि पाणी चढले की तेच भोक पाण्याचे तोंड बनते. असे भोक आधीच पाडलेले असेल तर पाइप बदलावा.

बायपास व्हॉल्व्हचा विचार करायचा असल्यास तो शांतपणे करावा. हा व्हॉल्व्ह पाइपमध्ये फिल्टरच्या बराच वर बसतो. फिल्टर बुडून पाइपमधली ओढ वाढली की त्याची झडप उघडते आणि इंजिन पाण्याऐवजी वरची हवा घेते. कल्पना चांगली आहे, पण तिच्या अटी आहेत. व्हॉल्व्ह स्वतः पाण्याच्या पातळीच्या वर राहिला पाहिजे, त्याच्याभोवती मोकळी जागा हवी, आणि तो हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या आधी बसला पाहिजे, नाहीतर आत आलेली हवा मोजलीच जात नाही. टर्बो किंवा सुपरचार्जर, म्हणजे हवा दाबून आत ढकलणारी यंत्रे, असलेल्या इंजिनांसाठी असे व्हॉल्व्ह सहसा योग्य मानले जात नाहीत. बसवताना पाइप कापावा लागतो, तेव्हा कापलेल्या कडा घासून धातूचा कीस पूर्ण धुऊन काढावा, कारण पाण्यापासून वाचवलेले इंजिन किसाने खराब होणे परवडणारे नाही.

माझ्या मते या सगळ्यांहून भक्कम उपाय म्हणजे पावसाचे महिने इनटेक वर घेणे. अनेक संचांमध्ये खालचा पाइप वेगळा काढता येतो आणि फिल्टर बोनेटखालीच आखूड पाइपवर बसवता येतो. तसे शक्य नसल्यास मूळ एअर बॉक्स परत बसवावा. हवा थोडी गरम मिळेल, शक्ती काही टक्क्यांनी कमी होईल, पण ओल्या रस्त्यावर तिचा उपयोग तरी किती होणार आहे? मूळ एअर बॉक्स बसवण्याआधी त्याच्या तळातली पाने आणि माती काढून निचऱ्याचे भोक मोकळे आहे याची खात्री करावी, आणि इंजिनच्या संगणकाचे ट्यूनिंग कोल्ड एअर इनटेकसाठी करून घेतलेले असेल तर त्यातही बदल करावा लागेल का, हे आधी विचारून घ्यावे.

गाडीबरोबरच चालवणाऱ्यांचीही तयारी करावी लागते, आणि घरातले जे जे ती गाडी चालवतात त्या सर्वांना पुढचे नियम सांगून ठेवावेत. साचलेल्या पाण्याची खोली समजत नसेल तर त्यात जाऊ नये. वाहत्या पाण्यात तर मुळीच नाही, कारण सुमारे ३० सेंटिमीटर वाहते पाणी लहान गाडीला उचलू शकते. मोजलेल्या उंचीच्या बऱ्याच खाली पाणी असेल तरच, पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने जावे. वेगाने गेले की बंपरसमोर पाण्याची लाट उठते आणि रस्त्यावरच्या पाण्यापेक्षा कितीतरी वर चढते; समोरून येणाऱ्या मोठ्या वाहनाची लाटही तशीच, म्हणून ते जाईपर्यंत थांबावे. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होण्याची सोय असेल तर पाण्याआधीच ती बटणाने बंद करावी, हे फार कमी लोकांच्या लक्षात येते.

इंजिन पाण्यात बंद पडले तर ते पुन्हा सुरू करू नये. हा नियम मोडल्यामुळे होणारे नुकसान आधीच्या नुकसानाहून मोठे असते. मंद गतीला पाणी शिरून बंद पडलेले इंजिन पुष्कळदा धड असते, रॉड वाकतो तो चावी फिरवताना. शिवाय पाण्यात बंद पडलेले इंजिन सुरू करण्याच्या प्रयत्नातून झालेले नुकसान अनेक विमा पॉलिसी भरून देत नाहीत, तेव्हा आपल्या पॉलिसीतले ते कलम पाऊस येण्याआधी वाचावे. इग्निशन बंद करून सर्वांनी सुरक्षित जागी जावे आणि गाडी ओढून न्यावी. टोइंगचा दूरध्वनी क्रमांक, गाडीचा ओढण्याचा हूक, प्लग पाना, टॉर्च आणि एक सुटा कोरडा फिल्टर डिकीत एकत्र ठेवावा.

गाडी गॅरेजमध्ये पोहोचल्यावर फिल्टर काढून पाइपमध्ये ओल आहे का पाहावे. ओल असेल तर इंधन आणि इग्निशन तोडून सर्व स्पार्क प्लग काढावेत, डिझेल इंजिन असेल तर ग्लो प्लग किंवा इंजेक्टर, आणि मगच इंजिन सावकाश फिरवून पाणी बाहेर पडू द्यावे. ऑइल दुधाळ झाले असेल तर ते फिल्टरसकट बदलावे. गाडी सुरू होऊन नीट चालली तरी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे त्यात तयार होणारा हवेचा दाब, मोजून घ्यावे. एकाच सिलिंडरचे कमी भरले तर तिथला रॉड वाकून आखूड झाला असण्याची शक्यता असते, आणि असा रॉड काही आठवड्यांनी भर रस्त्यात तुटू शकतो. भिजलेला फिल्टर हवेच्या दाबाने किंवा गरम हवेने वाळवू नये, सावलीत वाळू द्यावा, आणि तोवर डिकीतला सुटा फिल्टर वापरावा.