पहिली डेमो रील कशी बनवावी

डेमो रील म्हणजे तुमच्या अभिनयाच्या निवडक क्लिपांचा छोटा व्हिडिओ. कास्टिंगवाल्यांकडे एकेका भूमिकेसाठी अशा रीलच्या लिंकांचा ढीग येतो. तुमची लिंक उघडताना त्यांच्या डोक्यात प्रश्न एकच असतो: हा चेहरा या भूमिकेत चालेल का? उत्तरासाठी फार वेळ थांबायची त्यांची तयारी नसते. म्हणून काय दाखवायचं यापेक्षा काय कापायचं यावर जास्त डोकं लावा. नवोदिताला एक ते दीड मिनिट पुरतं. दोन मिनिटांच्या वर जाऊच नका. दमदार काम ४० सेकंदांचंच असेल, तर रीलही ४० सेकंदांचीच ठेवा.

आधी फूटेज गोळा करा

शॉर्टफिल्म, विद्यार्थ्यांच्या फिल्म, वेबसीरिजमधली छोटी भूमिका, जे असेल ते काढा. शूटिंग संपल्यावर फूटेजसाठी मागे लागणं फार जिवावर येतं, त्यामुळे कामाला होकार देतानाच ‘माझे सीन रीलसाठी मिळतील’ हे निदान मेसेजवर तरी लिहून घ्या. बिनपैशाच्या कामात तर हेच तुमचं मानधन. फिल्म प्रदर्शित व्हायच्या आधी क्लिप वापरायची असेल तर निर्मात्याला स्पष्ट विचारा.

नाटकाचं रेकॉर्डिंग बाजूला ठेवा. शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा म्हणून चढवलेला आवाज कॅमेऱ्यात भडक वाटतो, मग प्रयोग कितीही रंगलेला असो.

हाती काहीच नसेल तर

स्वतः सीन शूट करा. त्यात कमीपणा काही नाही. फक्त गाजलेल्या सिनेमातला सीन उचलू नका. बघणाऱ्याला मूळ नट आठवतो आणि तुमची तुलना उगाच त्याच्याशी होते. दोन पात्रांचा, एका खोलीतला, पानभराचा सीन लिहा किंवा कुणाकडून लिहून घ्या. तुमच्या आजच्या वयाला आणि चेहऱ्याला मिळू शकेल अशीच भूमिका निवडा. बाविशीतल्या मुलाने निवृत्त न्यायाधीश साकारला तर त्याचे कष्ट दिसतात, पण त्यावरून त्याला बोलावणार कशासाठी?

कॅमेरा मोबाइलचाही चालतो. तो आडवा, ट्रायपॉडवर ठेवा, मागचा कॅमेरा वापरा, फोकस आणि एक्सपोजर (चित्राचा उजळपणा) लॉक करा. १९२० बाय १०८० रिझोल्यूशन, सेकंदाला २४ किंवा २५ फ्रेम, एवढं पुरे. खिडकीचा उजेड चेहऱ्यावर तिरका येऊ द्या. खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळवंडतो. नजर समोरच्या पात्राकडे, म्हणजे लेन्सच्या जरा शेजारी. थेट लेन्समध्ये बघितलंत की सीन मोडतो.

खरी माती होते ती आवाजात. चित्र थोडं साधं असलं तरी लोक बघतात, घुमणारे संवाद मात्र कुणी ऐकत नाही. कॉलरला लॅपल माइक लावा, पंखा आणि फ्रिज बंद करा. शेवटी सगळ्यांनी गप्प बसून अर्धा मिनिट नुसता खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. एडिटिंगमध्ये दोन टेकमधला सांधा झाकायला तो कामी येतो.

कापाकापी

समजा सीन असा आहे: मुलगी घरी येते, बॅग ठेवते, पाणी पिते, खुर्चीत बसते आणि बाबांना सांगते, “मी राजीनामा दिला.” मग बाबा चिडून बोलत राहतात. बॅग, पाणी, खुर्ची सगळं उडवा. क्लिप सुरू करा “मी राजीनामा दिला” या वाक्यावर. बाबांचं बोलणं सुरू झालं की बहुतेक एडिटर त्यांच्या चेहऱ्यावर कट मारतात; तुम्ही मात्र मुलीचा क्लोजअप तसाच धरून ठेवा. ती ऐकतेय, काहीतरी बोलायला जातेय, आवंढा गिळतेय. माझ्या मते अख्ख्या रीलमधले हे सर्वांत मोलाचे पाच सेकंद. संवाद पाठ करून कुणीही म्हणतं, ऐकणं सगळ्यांना जमत नाही. बाबांचं काम तुमच्यापेक्षा सरस झालं असेल तर तेही कापा, नाहीतर फोन त्यांनाच जाईल.

एकेक क्लिप १५ ते २५ सेकंदांची ठेवा. सगळ्यात चांगली पहिली. ‘शेवटासाठी राखून ठेवू’ हा मोह सोडा, कारण शेवटपर्यंत कुणी येईलच असं नाही. दुसरी क्लिप पहिलीपेक्षा वेगळ्या मूडची हवी. पहिल्या फ्रेममध्ये तुमचाच चेहरा असू द्या, नाहीतर यातला नेमका उमेदवार कोण, इथूनच घोळ सुरू होतो. सुरुवातीला दोन-तीन सेकंद नाव, शेवटी नाव आणि संपर्क. गाण्यावर कापलेले स्लो मोशनचे तुकडे टाळा. त्यातून तुम्ही दिसता कसे ते कळतं, बोलता कसे ते नाही.

तयार झाल्यावर तुम्हाला न ओळखणाऱ्या कुणाला तरी १५ सेकंद दाखवून थांबवा आणि विचारा, “या माणसाला कुठली भूमिका द्याल?” उत्तर तुमच्या अपेक्षेच्या आसपासही नसेल, तर क्लिपांचा क्रम बदला.

पाठवताना

एमपीफोर फाइल, एच.२६४ फॉरमॅट. फाइलच्या नावात तुमचं पूर्ण नाव हवं, ‘फायनल न्यू २’ नको. जड फाइल मेलला जोडण्याऐवजी लिंक द्या. यूट्यूबवर अनलिस्टेड, म्हणजे फक्त लिंक असलेल्यांनाच दिसेल असं, ठेवलं तरी चालतं. लिंक आधी स्वतः ब्राउझरच्या इनकॉग्निटो विंडोमध्ये उघडून बघा, परवानगी मागणारी लिंक कास्टिंगवाले तिथेच बंद करतात. नवं काम आलं की जुनी कच्ची क्लिप काढा. यूट्यूबवर त्याच लिंकवर नवी फाइल चढवता येत नाही, विमिओ या व्हिडिओ साइटवर व्हिडिओ बदलूनही लिंक तीच ठेवायची सोय आहे. आधीच बऱ्याच ठिकाणी लिंक पाठवून ठेवली असेल तर याचा उपयोग होतो.