वेचणीच्या दिवसांत वर्गातली बातमी घरी कशी पोहोचवावी

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला शिकवते. तिन्ही वर्ग मिळून 41 मुलं. डिसेंबर उजाडला की शाळेत एकामागून एक सगळं सुरू होतं. क्रीडा सामने, गॅदरिंग, सहल, आठवीची एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा, नाताळ, सावित्रीबाईंची जयंती, संक्रांत, 26 जानेवारी. आणि नेमकं याच दिवसांत घरी कोणी नसतं. पऱ्हाटी फुटलेली असते, म्हणजे कापूस वेचणीला आलेला असतो. वेचणीची मजुरी किलोवर, म्हणून आई सकाळी आठला मजुरांच्या ऑटोत बसते ती अंधार पडता पडता परतते. त्यातच तूर सोंगणीला येते. हरभऱ्याला ओलित करायचं तर लाईन रात्रीची, म्हणून वडील रात्रीचे वावरात. शाळेचं पत्र या घरात कोणाच्या हातात द्यायचं, हा खरा प्रश्न आहे.

तीन वर्षांपूर्वी 26 डिसेंबरला माझ्या वर्गांत 41 पैकी 13 मुलं आली. मी 24 तारखेला पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर व्यवस्थित लिहिलं होतं: नाताळची सुट्टी फक्त 25 ला, 26 ला शाळा नेहमीप्रमाणे. दुसऱ्या दिवशी चौकशी करत हिंडले तेव्हा एका आईनं सांगितलं, "मॅडम, कॉन्व्हेंटवाल्या पोराईले दहा दिवस सुट्ट्या हायेत. मले वाटलं आपल्याईबी असतीन." तालुक्याच्या इंग्रजी शाळेची बस गावात येते, ती बंद झाली की सगळ्यांचा समज होतो शाळा बंद. त्या दहा दिवसांचा हिशेब धरून घरोघरी पोरांना वेचणीला नेलं होतं. त्यांची चूक नव्हती. मी लिहिलं होतं, पण फोन वडिलांच्या खिशात होता, वडील कापूस घेऊन जिनिंगवर रांगेत होते, आणि आईला वाचायला येत नव्हतं.

त्यानंतर मी जे बदललं ते इथं लिहिते आहे. माझ्यासारख्या गावात शिकवणाऱ्यांना उपयोगी पडेल.

पहिलं काम 1 डिसेंबरच्या आत करायचं. 1 डिसेंबर ते 26 जानेवारी एवढ्याच दिवसांचा एक कागद तयार करायचा. घरात कॅलेंडर असतं, पण ते 31 डिसेंबरला संपतं, आणि नवं कॅलेंडर कृषी केंद्रातून किंवा बँकेतून जानेवारीत कधीतरी मिळतं. मधले दिवस कोऱ्या भिंतीचे. म्हणून दोन्ही महिने एकाच कागदावर हवेत. हा कागद मी छापून देत नाही, मुलांकडून करून घेते. शाळा आहे तो दिवस मोकळा चौकोन, सुट्टी आहे तो लाल रंगवलेला, काही न्यायचं असेल तर त्या वस्तूचं चित्र. 20 डिसेंबरच्या चौकोनात खराटा, 14 जानेवारीच्या चौकोनात तिळाचा लाडू. वाचता न येणाऱ्या आजीलाही लाल चौकोन समजतो. 26 डिसेंबरच्या मोकळ्या चौकोनात मी शाळेचं चित्र काढायला लावते, मोठ्या दारासकट.

कागद देताना एक गोष्ट मुलांना नीट समजावून सांगा, म्हणजे ती घरी सांगतील: आपल्याला नाताळात मोठी सुट्टी का नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला वर्षात किमान 220 दिवस शाळा भरलीच पाहिजे. सुट्ट्यांची यादी जिल्ह्याकडून वर्षाच्या सुरुवातीलाच येते आणि आपली मोठी सुट्टी दिवाळीत होऊन गेलेली असते. कारण कळलं की पालक ते शेजारच्या घरीही सांगतात. नुसती तारीख कोणी पुढे सांगत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. मी ग्रुपवर लिहिणं जवळजवळ बंद केलं, आता बोलून पाठवते. रात्री पावणेआठच्या सुमारास. तेव्हा चूल पेटलेली असते, फोन चार्जिंगला लावलेला असतो आणि घरात दोन-तीन माणसं तरी एका ठिकाणी असतात. चाळीस सेकंदांच्या वर बोलत नाही, एका वेळी एकच गोष्ट सांगते आणि मुलांच्या घरात बोलतात तसंच बोलते. गेल्या वर्षीचा एक निरोप असा होता:

"राम राम. उद्या वीस तारीख, गाडगेबाबांची पुण्यतिथी. उद्या पोरं गाव झाडणार हायेत, शाळेपासून पाराच्या लिमापर्यंत. घरचा खराटा द्या, जुना असला तरी चालते. अंगावर जुनेच कपडे घाला. धुळीनं भरून येतीन, त्याईले रागावू नका. संध्याकाळी ईचारा, गाडगेबाबा कोण्या गावचे होते."

शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. प्रत्येक निरोपात घरच्यांनी मुलाला विचारायचा एक प्रश्न ठेवा. उत्तर मुलाला येणारं असावं आणि ऐकणाऱ्यालाही गोडी वाटावी असं असावं. गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. 1956 साली 20 डिसेंबरला ते गेले. हे मुलगा चुलीपाशी बसून सांगतो तेव्हा दिवसभर वर्गात काय झालं तेही त्याच ओघात निघतं. नुसतं "उद्या खराटा आणावा" एवढंच सांगितलं तर खराटा येतो, बाकी काही घरी पोहोचत नाही.

फोन नसलेली किंवा रिचार्ज संपलेली घरं माझ्या यादीत दरवर्षी सात-आठ असतात. दिवाळीनंतर आई-वडील वीटभट्टीवर गेलेली, मुलं आजीजवळ ठेवलेली घरं त्यातच. यांच्यासाठी प्रत्येक वस्तीत एक मुलगा किंवा मुलगी नेमली आहे. ती निरोप सांगून येते आणि दुसऱ्या दिवशी मला नावं सांगते, कोण भेटलं, कोण नाही. भट्टीवर असलेल्या आईचा किंवा मुकादमाचा नंबर मात्र मी स्वतः घेऊन ठेवते आणि आठवड्यातून एकदा मुलाला माझ्या फोनवरून बोलू देते. त्या दोन मिनिटांत मी काही सांगत नाही. मुलगाच सांगतो.

सोमवारी मी अर्धा तास लवकर निघते आणि पारावर, जिथून मजुरांचे ऑटो सुटतात, तिथं उभी राहते. दहा मिनिटांत पंधरा आया भेटतात. डोक्याला रुमाल, कमरेला वेचणीची ओटी, हातात डबा. इथं लांबलचक बोलायचं नाही. ऑटो सुटायचा असतो. एका आईशी एकच वाक्य, तेही तिच्या पोराबद्दलचं आणि चांगलं: "तुमच्या पोरीनं काल अपूर्णांकाचं गणित फळ्यावर सोडवलं, सगळ्याईले समजावून सांगितलं." तक्रार असेल तर पारावर कधीच काढू नका. चार बायकांसमोर ऐकलेली तक्रार ती आई दिवसभर कापसाच्या ओळीत वाकून वाकून उगाळते, आणि संध्याकाळी ती पोरीच्या पाठीवर उतरते.

आता शुक्रवारचं पत्र. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. शुक्रवारचा शेवटचा तास प्रत्येक मूल घरी पत्र लिहितं. चारच गोष्टी: या आठवड्यात काय केलं, काय जमलं नाही, पुढच्या आठवड्यात काय आहे, मला घरून काय हवं आहे. मी चुका दुरुस्त करत नाही, हे पत्र माझं नाही. घरी मूल ते मोठ्यानं वाचून दाखवतं, ऐकणारा जे बोलेल ते मागच्या बाजूला लिहितं आणि सोमवारी आणतं.

सुरुवातीला सगळ्यांची पत्रं सारखीच येतात. "आम्ही खूप अभ्यास केला" असं. असं पत्र मी परत देते आणि विचारते, कोणता धडा, कोणतं गणित, कुठं अडलास? दोन-तीन आठवड्यांत हात बसतो. सातवीतल्या एका मुलीनं लिहिलं होतं: "आई, या आठवड्यात आम्ही सरासरी शिकलो. मी तुझ्या पाच दिवसांच्या वेचणीची सरासरी काढली. 38, 42, 35, 40, 45. उत्तर 40 किलो आलं. इतिहासाचा धडा मला समजला नाही. मला घरून रात्री लाईट पाहिजे, दादा मोबाईल पाहतो म्हणून बंद करतो." सोमवारी तो कागद परत आला तेव्हा घडीत एक सरकी अडकलेली होती, तिला कापसाचे चार तंतू. मागं मुलीच्याच अक्षरात आईचं उत्तर: "पंचेचाळीस किलोच्या दिवशी बोंडाची नखं लागून बोटं फाटली होती हे मॅडमले सांग. लाईटचं पाहते." त्या आईची आणि माझी तोवर एकदाही धड भेट झाली नव्हती. पुढच्या शनिवारी मी पट्टी आणि मलम घेऊन तिच्या घरी गेले, आणि इतिहासाच्या धड्याचंही तिथंच पाहिलं.

गैरहजेरीबद्दल कसं बोलावं? वेचणीच्या दिवसांत मुलं बुडतात, हे मान्य करूनच सुरुवात करायला हवी. "मुलाला शाळेत पाठवा" असं ग्रुपवर टाकून काही होत नाही, उलट ज्यांचं मूल रोज येतं त्यांनाच ते लागतं. मी त्या घरी जाते, अंधार पडल्यावर, आणि वही घेऊन जाते. तीन दिवसांत वर्गानं काय केलं ती पानं दाखवते, मग मुलाची कोरी पानं दाखवते. बोलावं लागत नाही. मग एवढंच विचारते की कोणते दिवस तुमचं फारच अडतं. आठवीच्या घरी मात्र एक तारीख मी ठामपणे सांगते, ती एनएमएमएसची. "शिष्यवृत्ती" हा शब्द मोघम वाटतो, म्हणून आकडा सांगते: घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असेल आणि पोरगं निवडलं गेलं, तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये, थेट खात्यात. सोबत हेही सांगते की केंद्र कोणत्या गावी, एसटी किती वाजता, सोबत कोण जाणार, डबा लागेल की नाही. पालक परीक्षेला घाबरत नाहीत, पोर एकटं कसं जाईल याला घाबरतात.

नाताळाबद्दल थोडक्यात. वर्गात चांदणी करतो, गोष्ट सांगतो, केक असला तर असतो. आदल्या दिवशी घरी तसं कळवलेलं बरं, म्हणजे "शाळेत हे काय चाललं आहे" असा प्रश्न उरत नाही. ईद असो, भीमजयंती असो, हीच पद्धत.

3 जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती, हा दिवस आयांसाठी ठेवा आणि वेळ सकाळी सातची ठेवा. थंडी असते, शेकोटी पेटवतो. आठला ऑटो सुटतो, त्याआधी सगळं आटपलं पाहिजे. अकराचा कार्यक्रम ठेवला तर आईची दिवसाची मजुरी बुडते, आणि मग येतात ते फक्त सरपंच आणि पोलीस पाटील. सात ते पावणेआठ. भाषण नाही. प्रत्येक मुलगी आईसमोर उभी राहून तिला माहीत नसलेली एक गोष्ट शिकवते. कोणी नकाशात कळंब दाखवते, कोणी थर्मामीटर वाचते, कोणी आईचं नाव लिहायला शिकवते.

संक्रांतीला आमच्या शाळेत आधी हळदीकुंकू व्हायचं. मी ते बदललं. वर्गातल्या चार मुलांचे वडील नाहीत. आपल्या जिल्ह्यात त्याची कारणं सांगावी लागत नाहीत. त्या आया हळदीकुंकवाला यायच्याच नाहीत, आणि मग जानेवारीत त्यांच्या मुलांबद्दल बोलायची एकमेव संधी जायची. आता बोलावणं "तिळगूळ घ्यायला या" असं जातं, सगळ्यांना सारखंच. कागदावर, निरोपात "वडिलांची सही" असंही लिहू नका. "घरच्यांची सही" लिहा. हा एक शब्द बदलायला काही लागत नाही.

सहलीचं संमतीपत्र सगळे घेतात. त्यासोबत घरी जे कळायला हवं ते परतीच्या प्रवासाचं. आम्ही सेवाग्रामला बापूकुटी आणि धाम नदीकाठचं पवनार पाहायला एसटीनं गेलो होतो. जाताना काळजी नसते, अंधार पडला की असते. वर्धा सोडलं तेव्हा मी निरोप पाठवला, देवळी सोडली तेव्हा पाठवला. दोन्ही वेळा मुलांना एकदम ओरडायला लावलं, त्यांचा आवाज ऐकूनच निम्मी काळजी जाते. फोटो मात्र पाठवले नाहीत. मुलींचे फोटो ग्रुपवर गेले की कोणाच्या स्टेटसला लागतील सांगता येत नाही. ते मी कागदावर काढून 26 जानेवारीला वर्गाच्या भिंतीवर लावते, झेंडावंदनाला आलेल्या आया-आजी तिथंच उभ्या राहून पाहतात.

त्याच दिवशी घरच्या भिंतीवरचे ते डिसेंबर-जानेवारीचे कागद मुलं परत आणतात. मी ते चाळते. कोणाच्या कागदावर हळदीचे डाग असतात, कोणाच्या कागदावर वेचणीचे किलो मांडलेले असतात. म्हणजे तो रोज पाहिला गेला. गेल्या वर्षी पाच कागद अगदी कोरे, घडी न मोडलेले आले. ती पाच नावं मी वहीत लिहून ठेवली आहेत, आणि या डिसेंबरला कागद घेऊन आधी त्याच पाच घरी जायचं आहे.