सेटमधला एकच नग फुटला तर?

अमेरिकेतल्या अनेक क्रेडिट कार्डांवर नव्या खरेदीला चोरी-मोडतोडीपासून साधारण ९० दिवस संरक्षण मिळतं. सेटचा नियम मात्र वेगळा. डिनर सेटमधल्या दोन प्लेट फुटल्या आणि तशा सुट्या मिळत असतील, तर भरपाई सहसा त्या दोनचीच. कानातल्यांपैकी एक चोरीला गेलं, उरलेलं एकटं घालता येत नाही आणि जोडीचं दुसरं सुटं मिळतही नाही, तरच पूर्ण जोडीचे पैसे मागता येतात. दोन्ही अटी एकदम लागतात. म्हणून ‘हा नग सुटा विकत नाही’ असं विक्रेत्याकडून लेखी घ्याच, ईमेलवर का होईना. आणि दावा निकाली निघेपर्यंत फुटलेले, उरलेले नग टाकू नका. कार्डाच्या वतीने दावा तपासणारी विमा कंपनी ते मागवू शकते.